नाचणीची केस

"मग जाऊ न्हवं मी?"

नुजहतच्या कानावर एवढंच पडलं. समोर कोडोलीच्या बनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या आणि उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"जावा," नुजहत म्हणाली. "जावा, काय काळजी करू नका."

बनाबाईंचा चेहरा हलका झाला. त्यांनी पिशवी उचलली, हात जोडले, दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या. "तुमच्याम्होरं बोलता आलं बगा. न्हायतर असलं कुणाला सांगायचं?" आणि गेल्या.

दार लागलं आणि नुजहत भानावर आली. बाई कुठे गेल्या? कुठे जाऊ म्हणून विचारत होत्या?

भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं. बनाबाई येऊन बसल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तसं तिनेच केसपेपरवर लिहिलं होतं. त्याखाली दोन ओळी होत्या. 'मुलगा दारू पितो. हात उचलतो.' आणि पुढे पेनाने काढलेल्या चौकटी. एकात एक, एकात एक, अगदी नीट आखलेल्या. पस्तीस मिनिटं एक म्हातारी समोर बसून बोलत होती आणि ही चौकटी काढत होती. बरं, दुसरा काही विचार चालला होता म्हणावं तर तेही नाही. घरी भाजी काय करायची हेसुद्धा डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं.

ती जिना उतरून रस्त्यावर धावली. राजारामपुरीत दुपारची गर्दी होती, माणसं कोंबून निघालेल्या वडाप रिक्षा होत्या, कॉलेजची पोरं होती. बनाबाई नव्हत्या. वर येऊन तिने केसपेपर पुन्हा पाहिला. संपर्काच्या रकान्यात एकच नंबर होता, तो मुलाचा. ज्याच्या काठीमुळे बाई इथे आली, त्यालाच फोन करून 'आई पोचली का' विचारायचं?

मागच्या खेपेला बनाबाईंनी सांगितलं होतं ते तिला आठवत होतं. ते तिने ऐकलं होतं. एक लेक जयसिंगपूरला दिली आहे, पण लेकीच्या दारात जाऊन पडायची लाज वाटते. आणि मुलगा म्हणतो, पुन्हा तक्रार घेऊन गेलीस आणि परत आलीस तर पाय मोडीन. आज नुजहतने त्यांना ठासून सांगायचं ठरवलं होतं, की काही झालं तरी इतक्यात कोडोलीला परत जायचं नाही. आणि तोंडातून काय निघालं, तर 'जावा'.

नुजहत शिकलगार कोल्हापुरातल्या या कुटुंब सल्ला केंद्रात एकोणीस वर्षं समुपदेशक होती. ऐकणं हीच तिची नोकरी. आपल्याकडे भल्याभल्यांना बायकोचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकवत नाही. नुजहत सासू, सून, दोघींच्या माहेरची माणसं आणि वर एखादा वकील असा सगळा गोतावळा तीन तास ऐकून घ्यायची, आणि शेवटी कोण काय म्हणालं ते ज्याचं त्याला बिनचूक परत सांगायची. शहरातल्या बायका एकमेकींना सांगायच्या, 'शिकलगार मॅडमकडं जा, त्या ऐकून घेतात.' तेवढ्या एका गोष्टीवर तिचं नाव उभं होतं.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तीन माणसं आली. प्रत्येकाच्या वेळी तिने टेबलाखाली स्वतःच्या तळहाताला नख टोचून धरलं, म्हणजे लक्ष जागेवर राहील. संध्याकाळी हाताला चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

शनिवारी केस-चर्चा होती.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जिल्ह्यातले चार-पाच समुपदेशक केंद्राच्या मागच्या खोलीत जमत आणि ज्याला जी केस अवघड जात असेल ती मांडत. ही पद्धत आक्कांनी सुरू केली. आक्का म्हणजे केंद्राच्या पहिल्या समुपदेशक. आता बहात्तर वर्षांच्या होत्या, निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण दुसरा शनिवार आला की गुडघा धरून जिना चढायच्या. त्यांचे दोन नियम होते. केस मांडताना नाव, गाव, जात सांगायची नाही. त्याऐवजी केसला एका धान्याचं नाव द्यायचं. आणि धान्य म्हणजे कोण, ते कुणी विचारायचं नाही. ओळखलं तरी तोंड मिटून बसायचं. एकदा मोठ्या हुद्द्यावरच्या एका गृहस्थांची केस 'हरभरा' म्हणून आली होती. ते कोण, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि कुणी ब्र काढला नाही. फक्त शाहूवाडीचे यज्ञेश्वर पुढे वर्षभर चहाबरोबर फुटाणे आले की खाली मान घालून हसायचे.

तर त्या शनिवारी आक्का होत्या, यज्ञेश्वर होते, आणि मोहित होता. यज्ञेश्वर शाळांमधून फिरणारे, पन्नाशीचे, कुठल्याही दुखण्याला आधी रक्त तपासायला सांगणारे. मोहित जयसिंगपूरचा, अठ्ठावीस वर्षांचा, नुजहतच्याच हाताखाली तयार झालेला आणि येताना न चुकता तिकडचा भडंग आणणारा. यज्ञेश्वरांनी 'वरी' मांडली, तिच्यावर तासभर बोलणं झालं. मग आक्का म्हणाल्या, "नुजहत, तुझं काय?"

नुजहतने 'तांदूळ' म्हणून एक केस लिहून आणली होती. तिने तो कागद काढला, बघितला आणि घडी घालून परत पर्समध्ये ठेवला.

"नाचणी," ती म्हणाली. "बाई. वय सत्तेचाळीस. नवरा आहे, चांगला आहे. एक मुलगी, पुण्याला शिकते. नोकरी करते. माणसांशी बोलायची नोकरी आहे."

"शिक्षिका?" मोहितने विचारलं.

"तसलंच काहीतरी. मार्चमध्ये आई वारली. तीन दिवस रजा घेतली, चौथ्या दिवशी कामावर. सगळे म्हणाले, किती खंबीर."

"रडली का?" आक्कांनी विचारलं.

"नाही. राहून गेलं."

"आता नोव्हेंबर हाय," यज्ञेश्वर म्हणाले.

"हो. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. फोन वाजला की छातीत धडधडतं. कामावरून घरी जाते, तर बिल्डिंगखाली स्कूटर लावून तशीच सीटवर बसून राहते. वीस मिनिटं, अर्धा तास. वर कुणाचा त्रास आहे असं नाही. पण वर गेलं की कुणीतरी काहीतरी बोलणार, आणि ते ऐकावं लागणार." तिने पर्सची चेन ओढून बंद केली. "आणि आता ऐकूच येत नाही. कान चांगले आहेत. समोर माणूस बोलत असतो आणि ही तिथे नसते. परवा एका म्हातारीला तिने 'जा' म्हणून सांगितलं. कुठे जा, ते तिला माहीत नाही. त्या बाईला मारणारा मुलगा आहे घरात."

मोहित सरसावून बसला. तरुण माणूस, पुस्तकं ताजी. असं काही ऐकलं की त्याला धीर धरवत नसे. "मॅडम, ह्या बाईला आदी कामावरनं थांबवा. राग मानू नका, पण ही धोकादायक परिस्थिती हाय. एकाद्याचं बरंवाईट हुईल आणि मग हिला आयुष्यभर सोसणार न्हाय."

"बरोबर आहे," नुजहत म्हणाली.

"थायरॉईड बघितलंय का?" यज्ञेश्वरांनी विचारलं. "ह्या वयात बायकांचं लै वेळा थायरॉईडच निघतंय. बी-बारा पण बघा."

आक्कांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा ते भडंगाकडे वळले. मग आक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो सगळ्यांनाच विचारला जायचा. "तू आत्तापर्यंत काय सांगितलंस तिला?"

नुजहतला उत्तर शोधावं लागलं नाही. ते तोंडपाठ होतं.

"सांगितलं, की नाटकं बंद कर. लोकांच्या घरात काय चाललंय ते रोज बघतेस, तुला काय धाड भरलीय? आया सगळ्यांच्याच मरतात. तू काय जगावेगळी? पगार घेतेस ना, मग नीट काम कर. आणि जमत नसेल तर निदान लाज तरी वाटू दे."

 मोहितचा भडंगाचा हात बशी आणि तोंड यांच्या मध्येच राहिला होता.

"असं बोललात तुमी? क्लायंटला?"

"हो."

"न्हाय पटत मला." त्याचा आवाज चढला. "मॅडम, मी नवीन होतो तेव्हा एका पोराला नुसतं 'रडतोस काय असं' म्हटलं, तर तुमी मला बाहेर बोलवून अर्धा तास झाडलं होतं. तुमीच म्हणाला होता, आधीच पडलेल्या माणसावर उभा राहू नकोस. आणि तुमी? आई गेलेल्या बाईला? हे एकदा बोललात का..."

"रोज," नुजहत म्हणाली.

"रोज? रोज येती ती तुमच्याकडं?"

 नुजहत टेबलाकडे बघत होती. मोहित तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कसा विरघळत गेला ते आक्कांनी पाहिलं आणि यज्ञेश्वरांनीही पाहिलं. मोहितने तोंड उघडलं. आक्कांनी एक बोट वर केलं. त्याने तोंड मिटलं.

नियम म्हणजे नियम.  या माणसांना दिवसभर दुसऱ्यांचं दुःख हाताळायची सवय, पण त्यांच्यातलंच कुणी बुडताना दिसलं की हात कुठे ठेवावा हे एकालाही सुचत नव्हतं. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो. पण त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं, हेही मला माहीत नाही.

मग आक्का बोलल्या. "सत्त्याण्णव साली मी ह्याच खोलीत बाजरी मांडली होती. सगळ्यांनी वळखली. कुणी अवाक्षर काढलं न्हाय, नियम माझाच होता की. चहा प्याले, भांडी विसळली आणि आपापल्या घरी गेले. मी पुढं चार वर्षं काम केलं. वाईट केलं. कुणाकुणाचं काय नुकसान झालं माझ्यामुळं, त्याचा हिशोब मला आजपण लागत न्हाय." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "कुणाची केस ते विचारू नये, हे बरोबर हाय. पण बाजरीला एकटीला घरी जाऊ द्यायचं न्हाय, हेही तेव्हाच लिहून ठेवायला पायजे होतं. माझी चूक झाली."

"काय सांगू मग नाचणीला?" नुजहतने विचारलं.

"पयलं म्हणजे त्या म्हातारीला शोध म्हणावं. दुसरं, डॉक्टर गाठ."

"कुठला डॉक्टर? कोल्हापुरातले सगळे तिला ओळखतात. ती स्वतः तिथे माणसं पाठवते. बाहेर बाकड्यावर तिचीच माणसं बसलेली असतात, आक्का. त्यांनी तिला तिथे बघितलं तर उद्या तिच्यासमोर कोण येऊन बसेल? म्हणतील, हिचंच डोकं ठिकाणावर नाही, ही आम्हाला काय सांगणार."

"आपण लोकांना सांगतो, डॉक्टरकडं जाण्यात लाज न्हाय," आक्का म्हणाल्या. "एवढी वर्षं खरं सांगतोय का खोटं, ते नाचणीनं एकदा ठरवावं."

बोलणं तिथेच थांबलं. खाली गाडीपाशी मोहित तिच्याबरोबर आला. त्याने बॅगेतून भडंगाचं न फोडलेलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. "हे नाचणीला द्या," तो म्हणाला. "आणि सांगा तिला, तो पोरगा सॉरी म्हणाला. धोकादायक म्हणायला नको होतं."

"ते खरं होतं," नुजहत म्हणाली.

"खरं होतं. पण नीट म्हणता आलं असतं की."

घराखाली गाडी लावून ती नेहमीसारखी सीटवर बसली. पाच मिनिटांनी जिन्यावरून तिचा नवरा अमीन उतरला. अमीनचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. शब्दांत कंजूष माणूस. तो काही न बोलता शेजारच्यांच्या मोटरसायकलवर बसला.

"वर जेवायला..." ती म्हणाली.

"हुईल जेवण. आज मी पण बसतो हितं."

 मग तिने सांगितलं. आधी बनाबाईंचं, मग बाकीचं. सांगताना मध्येच तिच्या लक्षात आलं की ती रडते आहे, आणि आईसाठी रडते आहे. अमीनने भडंगाचं पाकीट तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं.

"सात-आठ महिनं झालं, खिडकीतनं बगतोय तुला," तो म्हणाला. "रोज वाटायचं, खाली जावं. मग म्हटलं, ही एवढी शिकलेली, दुनियेची भांडणं सोडवती, हिला मी लेथवाला काय सांगणार. तितंच चुकलं माझं."

"मीपण नाही सांगितलं."

"न्हाय सांगितलंस. चल वर. उद्या कोडोलीला जाऊ."

रविवारी सकाळी दोघं गाडीवरून निघाली. गळीत हंगाम सुरू झालेला. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना नुजहत मनातल्या मनात दुआ मागत होती आणि दर दोन मिनिटांनी तिच्या डोळ्यांसमोर बनाबाईंचा पाय येत होता. मोडलेला. कोडोलीत घर सापडलं. दार उघडं होतं, मुलगा ओट्यावर आडवा होता. अमीन गाडी घेऊन जरा पुढे थांबला आणि नुजहत शेजारच्या घरात गेली.

"बनाबाई व्हय?" शेजारीण म्हणाली. "त्या हिकडं परत आल्याच न्हाईत. लेकीकडं गेल्यात की, जयसिंगपूरला. बेस्तरवारीच गेल्या म्हणं."

नुजहत तिथेच उंबऱ्यावर बसली. शेजारणीने घाबरून पाणी आणलं. "पावणं, बरं वाटंना का काय?" तिने लेकीचा पत्ताही दिला.

"ठीक हाय की मग," अमीन म्हणाला. "बाई सुखरूप हाय."

"मला बघायचंय त्यांना."

जयसिंगपूर म्हणजे अगदी उलट्या अंगाला. दुसरा कुणी असता तर त्याने 'फोन कर' म्हटलं असतं. अमीनने गाडीत पेट्रोल टाकलं.

बनाबाई लेकीच्या अंगणात पोत्याच्या चवाळ्यावर बसून शेंगा फोडत होत्या. नुजहतला बघून त्या गडबडीने उठायला लागल्या, तेव्हा तीच खाली टेकली. लेक चहा टाकायला आत गेली.

"बनाबाई, मला माफी मागायचीय," नुजहत म्हणाली. "गुरुवारी तुम्ही बोलत होता ना, ते मी ऐकलं नाही. माझं लक्ष नव्हतं. तुम्ही कुठे जाऊ म्हणून विचारलं, तेही मला कळलं नव्हतं. तशीच मी जावा म्हणाले."

बनाबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमी ऐकत न्हवता त्ये. डोळं माझ्याकडं, आन् हात भलतीकडंच चाललाता. मी बगितलं की. मला वाटलं, बाई दमलीया, बसू दे जरा. मग म्हटलं, कोण ऐकतच न्हाय तर बोलून घिऊया. पोराचं एक हाय माझ्या मनात. त्येचा बाप मेल्याला बारा वर्सं झाली, तवापासनं हाय. कुणी ऐकत असतं तर न्हाय बोललो असतो मी."

"मग आता सांगाल? आता ऐकते मी."

"न्हाय," बनाबाई म्हणाल्या. रागाने नाही, शेंग फोडता फोडता. "एकदा झालं बोलून. आता न्हाय निगायचं."

 ते काय होतं, हे नुजहतला कधीच कळणार नव्हतं. एकोणीस वर्षांत माणसांनी तिच्यापाशी किती काय ठेवलं होतं, आणि हे एवढं तिच्या हातून सांडलं होतं. परत भरून घेता येणार नव्हतं.

"आणि मी जावा म्हणाले, तेव्हा कोडोलीला जाऊ का विचारलं असतंत तर?"

बनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तर गेलो असतो की," त्या साधेपणाने म्हणाल्या. "तुमी सांगितल्यावर."

परतीच्या वाटेवर नुजहतच्या डोक्यात तेच घोळत होतं. बाई सुखरूप होती ती नशिबाने. यात शिकलगार मॅडमचं काही नव्हतं. हातकणंगले मागे पडल्यावर तिने अमीनच्या खांद्याला हात लावला. त्याने गाडी बाजूला घेतली आणि तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून डॉक्टर अंतरांना फोन लावला.

अंतरा मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अकरा वर्षं नुजहत त्यांच्याकडे माणसं पाठवत होती. कित्येकदा हाताला धरून स्वतः घेऊन गेली होती. "बोला मॅडम, कुणाला पाठवताय?" त्यांनी विचारलं. नुजहतने सांगितलं, स्वतःलाच यायचंय. अंतरा म्हणाल्या, "या की. नंबर वगैरे लावू नका. क्लिनिक बंद झाल्यावर मागच्या दाराने या, निवांत बोलू. कुणी बघणार नाही."

नुजहतला फार बरं वाटलं. 'हो' तोंडाशी आलं होतं. बाजूने उसाची ट्रॉली धडधडत गेली, तेवढा वेळ तिने घेतला.

"नको," ती म्हणाली. "मी ज्यांना पाठवते त्यांना कधी मागच्या दाराने पाठवलं नाही. मी नंबरच लावते."

आता हे बोलायला सोपं होतं. बुधवारी सकाळी दवाखान्याचा जिना चढताना ती दोनदा मागे वळली. केंद्रात तिने आठ दिवसांची रजा टाकली होती, आणि कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'घरगुती' असं खोटं न लिहिता 'तब्येत' लिहिलं होतं. अमीन बरोबर येतो म्हणत होता. तिने त्याला खाली रिक्षा स्टॉपपाशी थांबायला सांगितलं.

काउंटरवरच्या मुलीने न बघता विचारलं, "पेशंटचं नाव?" तिने सांगितलं. मुलीने चमकून वर पाहिलं, मग पुन्हा खाली बघून नाव लिहून घेतलं. "चौदा नंबर. बसा."

दोन बाकडी भरलेली होती. एक नवरा-बायको होते, एक कॉलेजची मुलगी होती तिच्या आईबरोबर, आणि कोपऱ्यात खिडकीपाशी गुंडू. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात हमाली करणारा, रेड्यासारखा दांडगा माणूस. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेल्यावर याच्या तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा याची बायको याला केंद्रात घेऊन आली होती आणि नुजहतने याला इथे आणलं होतं. याच बाकड्यावर याच्याशेजारी ती बसली होती. तिला वाटलं, वळावं आणि खाली जावं. बुधवारचा नंबर होता, शुक्रवारचा मिळाला असता.

"मॅडम!" गुंडू ओरडला. हळू बोलणं त्याला येतच नव्हतं. सगळी खोली वळून बघू लागली. "हिकडं कुटं? कुणाला घिऊन आलाय?"

कॉलेजच्या मुलीची आईसुद्धा बघत होती. 'एक ओळखीची येणार आहे' म्हणता आलं असतं. 'डॉक्टरांशी काम आहे' म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"कुणाला नाही, गुंडू," नुजहत म्हणाली. "मीच आलेय."

गुंडूच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखाद्या पोत्याचं वजन डोळ्यांनी जोखावं तसं. मग तो उठला, आपली पिशवी बाकड्यावरून उचलून पायाशी ठेवली आणि हाताने जागा झटकली.

"बसा हितं. फॅनखाली हाय. लै टाइम लागतोय ह्यांच्यात."

ती बसली. जरा वेळाने तो पुन्हा तिच्याकडे झुकला. आता त्याने आवाज लहान करायचा प्रयत्न केला होता, म्हणजे खोलीतल्या निम्म्याच लोकांना ऐकू गेलं असेल.

"पयल्यांदाच व्हय?"

"हो."

"मग एक सांगू का? आत गेल्याव 'बरं हाय' म्हणू नका. मी पयल्या टायमाला तसंच म्हणलोतो. पंदरा दिस वाया गेलं माझं."

नुजहतला हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. "नाही म्हणत," ती म्हणाली.

गुंडूने समाधानाने मान हलवली. मग तो भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला. त्याचा दांडगा खांदा तिच्या खांद्याला लागून होता. नंबर सरकत गेले. बारा झाला. तेरावा बराच वेळ आत होता.

काउंटरवरच्या मुलीने कागद वर केला. जरा घुटमळली. या शहरात नुजहतला गेली कित्येक वर्षं कुणी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. मागे मॅडम यायचं, नाहीतर ताई यायचं. मुलीने तसं काही लावलं नाही. बाकी सगळ्यांना मारली होती तशीच हाक मारली.

"नुजहत शिकलगार."

"आले," नुजहत म्हणाली आणि उठली.